चाराण्याचं प्रोटीन, बाराण्याचा वारा

जिममध्ये दोन गाण्यांच्या मधे साधारण तीन सेकंदांची शांतता असते. एरवी ती कोणाच्या लक्षातही येत नाही. बेसातल्या आमच्या जिममध्ये एका सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता माझ्या पोटाने नेमकी तीच तीन सेकंदं निवडून आपलं म्हणणं मांडलं.

मी तेव्हा ६० किलोची डेडलिफ्ट करत होतो. दांडा गुडघ्यापर्यंत आला होता. श्वास रोखलेला, पोट आवळलेलं, आरशात चेहरा भरताच्या वांग्यासारखा. आणि ते झालं. आवाज फार मोठा नव्हता असं मी आजही म्हणतो. पण त्याला सुरुवात होती, मध्य होता आणि विचार करायला लावणारा शेवट होता. मी दांडा खाली ठेवला. ट्रेनरने छताच्या पंख्याकडे पाहिलं. ट्रेडमिलवरच्या काकूंनी वेग वाढवला. बाजूला दंड फुगवत असलेला इंजिनिअरिंगचा पोरगा स्वतःच्या दंडाकडे असा बघू लागला, जणू तो दंड त्याला आजच घरी आणून दिला असावा.

"प्लेट घासली वाटते," मी म्हणालो.

"हो सर," ट्रेनर म्हणाला. "रबरच्या प्लेटा आहेत नं, घासते कधी कधी."

लगेच दुसरं गाणं सुरू झालं. पण तोवर पंखा आपलं काम करून बसला होता.

या अवस्थेला मी एका दिवसात पोचलो नाही. त्यामागे चार महिन्यांची साधना आहे.

बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिणेचं, काल-परवापर्यंत शेतं असलेलं गाव. आज इथे शेत शोधायला निघालात तर 'टू बीएचके, रेडी पझेशन' अशी पाटी सापडते. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला होता, "वर्धा रोड पाच मिनिटं." मधे मनीषनगरचं रेल्वे फाटक आहे, हे त्याने सांगितलं नाही. त्या फाटकाशी उभा राहून मी इतक्या मालगाड्यांचे डबे मोजले, की रेल्वेने मला मानधन द्यायला हरकत नव्हती. पुढे पूल झाला आणि वेळ वाचायला लागला. वाचलेल्या वेळाचं काय करायचं याची आमच्या भागात दोन उत्तरं आहेत, तर्री-पोह्याचा ठेला आणि जिम. दोन्ही समोरासमोर असतात. मी आठ वर्षं पहिल्या उत्तरावर समाधानी होतो. मग एके दिवशी शिंप्याने माझी पँट हातात घेतली, कंबरेची शिवण उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, आता आतमधी कापडच नाही उरलं."

मी रस्ता ओलांडला.

ट्रेनर वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याच्या टी-शर्टच्या बाह्या दंडावर बसत नव्हत्या, चिकटवल्यासारख्या वाटत होत्या. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मधे जरा जास्त वेळ पाहिलं.

"वजन किती सर?"

"ब्याऐंशी."

त्याने मोबाइलवर गुणाकार केला. "एकशे एकतीस."

माझ्या पोटात धस्स झालं. "एवढं वाढेल?"

"वजन नाही सर. प्रोटीन. रोजचं. ग्राममधी."

किलोमागे १.६ ग्रॅम, असं त्याचं सूत्र. मी घरी येऊन वाचलं, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली साध्या माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅमची शिफारस केलेली. म्हणजे माझे ६८ झाले. दुसऱ्या दिवशी मी हा कागद ट्रेनरसमोर ठेवला. त्याने कागदाला हातही लावला नाही.

"ते सामान्य माणसाचं आहे सर."

"मग मी कोण?"

"तुम्ही लिफ्टर आहात."

मी त्या वेळी २० किलोचा रिकामा दांडा उचलत होतो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा नाही. पण आयुष्यात मला कोणी असं काही म्हटलेलं नव्हतं. सोसायटीतली लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद असते. निदान एक लिफ्टर तरी चालू झाला, या आनंदात मी घरी आलो.

१.६ हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता, हेही सांगायला हवं. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. वजनं उचलणाऱ्यांना साधारण तिथपर्यंत प्रोटीन वाढवल्याचा फायदा होतो आणि पुढे तो जवळपास थांबतो, असा तिचा निष्कर्ष. पण जिममध्ये 'इथे थांबा' ही पाटी 'इथून सुरुवात' अशी वाचतात. आठवड्याभरात ट्रेनर म्हणाला, "आपण दोन धरून चालू सर. थोडं इकडं-तिकडं होऊन जाते."

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. मी एकशे एकतीसच धरून स्वयंपाकघरात जाऊन हिशेब जाहीर केला. "फक्त अंड्यांवर भागवायचं तर रोज बावीस."

बायकोने पोळी तव्यावरच ठेवली. "अहो, अंडी आणण्यापेक्षा गच्चीवर कोंबड्याच पाळा नं. सोसायटीची परवानगी मी आणते. वॉचमनला कामही होईल."

तोडगा सहा अंड्यांवर निघाला. आता खायची कशी? जिममधल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा सल्ला होता, कच्ची फोडून दुधात. त्यांच्या आजोबांच्या आखाड्यात हेच चालायचं. ऑफिसातला आमचा कोल्हापूरकर सहकारी तर याहून पुढचा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात पडते आणि माणूस ती उभ्याउभ्या पितो, हे तो अशा आवाजात सांगतो की आपण पाकिटातलं दूध पितो याची शरम वाटावी. मी नाक दाबून सहा अंडी घशाखाली सोडली. गुळगुळीत. एक तर खाली जाऊन पुन्हा वर चौकशीला आलं.

बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून ठेवलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शंभरातले ९१ भाग पचतं, कच्च्यातलं ५१. म्हणजे मी रोज सहा अंड्यांतली जवळजवळ तीन मोठ्या आतड्यातल्या जंतूंना दान करत होतो. अंड्यात गंधक असतं. जंतू ते वाया जाऊ देत नाहीत. त्याचा वायू करून परत पाठवतात. बैठकीच्या खोलीत टीव्ही बघत बसलेल्या माझ्या मुलीने एकदा शांतपणे विचारलं होतं, "बाबा, शेजारच्यांची गटार लाइन फुटली का?" मी "असेल" म्हणालो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तशी तक्रारही टाकली. प्लंबर येऊन पाहून गेला. त्याला काही सापडलं नाही.

अंडी उकडायला लागलो आणि उरलेल्या प्रोटीनसाठी कडधान्यांकडे वळलो. खरं म्हणजे वैदर्भीय माणसाला हरभऱ्याकडे वळावं लागतच नाही. तो त्यातच असतो. सकाळच्या पोह्यांवर हरभऱ्याची तर्री. दुपारी झुणका. संध्याकाळी पाटोडीचा रस्सा, पाटोडी बेसनाची. सणाला गोळाभात, गोळा डाळीचा. सांबारवडीच्या बाहेरून बेसन आणि पोटात सांबार, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी हे समजावून सांगावं लागतं. इतकं असून मी त्यावर रोज वाटीभर भिजवलेले हरभरे वाढवले. कच्चेच. शिजवले तर ताकद जाते, असं ते अंडीवाले ज्येष्ठ म्हणाले होते. पाणीही प्यायचं म्हणाले.

हरभरा निर्दोष आहे. त्यातलं प्रोटीन आपल्यासाठी, पण त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात आणि त्या तोडायचं विकर माणसाच्या आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात त्यांची वाट पाहत जंतूंची पंगत बसलेलीच असते. पंगत उठली की हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या नशिबी मिथेन. भिजवल्याने या साखरा बऱ्याच पाण्यात उतरतात, म्हणून तर बायका ते पाणी फेकतात. आणि मी ते गाळून पीत होतो, वर लिंबू पिळून.

मग त्यात सोयाबीन आलं. ट्रेनरने सोयाचंक्सचं पाकीट उलटं करून आकडा दाखवला, १०० ग्रॅममध्ये ५२. आमचा विदर्भ सोयाबीन पिकवणारा, म्हणजे हे मातीचं ऋण फेडणंही झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेल काढून उरलेल्या पिठापासून हे चंक्स करतात, प्रोटीन मागे राहतं आणि त्या साखराही बऱ्याच मागे राहतात, हे पाकिटावर इतक्या ठळक अक्षरांत नव्हतं.

परिणाम मेट्रोत कळला.

मी रोज उज्ज्वलनगरला गाडीत चढतो आणि सीताबर्डीला उतरतो. डबा थंडगार, काचा बंद, लोक सभ्य. त्या दिवशी जयप्रकाशनगरला पोटात पहिली हालचाल झाली. छत्रपती चौकाला तिने जोर धरला. अजनी चौकाला मी दांडी दोन्ही हातांनी पकडून पाय जुळवले आणि दात आवळले. समोर बसलेल्या बाई उठल्या. "बसा काका, चक्कर येऊन राहिली का?" बसणं हा त्या घडीचा सर्वांत धोकादायक पर्याय होता. "नाही, नाही, मी असाच बरा," मी म्हणालो, पण आवाज बारीक निघाला, त्यामुळे आणखी दोघं उठले. चार लोकांनी मिळून मला धरून बसवलं. रहाटे कॉलनी ते काँग्रेसनगर हे अंतर मी कसं काढलं ते माझं मला माहीत. सीताबर्डीला माझ्याबरोबर जरुरीपेक्षा जास्त लोक उतरले.

घरी हकिगत सांगितल्यावर बायको म्हणाली, "सोयाबीन-बियाबीन बंद करा. नाहीतर स्कूटरने जात जा. वारा सुटलेला बरा."

जिममध्ये मात्र याचा अर्थ वेगळा निघाला. "कडधान्यं हेवी पडून राहिली सर तुम्हाला," ट्रेनर म्हणाला. "आता व्हे सुरू करू." त्याने दाखवलेला डबा घरच्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडा लहान होता आणि किमतीत मी तीन सिलिंडर आणले असते. डब्यावर एका माणसाचं चित्र होतं. त्याला मान नव्हती.

आई त्या दिवसांत आमच्याकडेच होती. तिने चष्मा लावून डबा फिरवून पाहिला. "हे कशाचं असते रे?"

"दुधाचं. चीज करताना दूध फाटतं नं, त्याचं जे पाणी राहतं ते वाळवून."

आईने चष्मा काढला. "म्हणजे पनीरचं पाणी?"

"तसंच. पण शास्त्रीय."

"ते मी तीस वर्षं कणकेत घालून राहिली. तुझी पोळी मऊ असते ती काहून असते?" मग तिने किंमत विचारली. मी अर्धी सांगितली. त्यावरही ती दिवाणावर बसली.

पनीरच्या पाण्यात दुधाची साखरही उतरते. स्वस्त पावडरीत ती बरीच राहते, महाग पावडरीत जवळजवळ काढून टाकलेली असते. आपल्यातल्या पुष्कळांना मोठेपणी ही साखर पचवायचं विकर कमी पडतं. दह्या-ताकाने ज्याला काही होत नाही त्याला पेलाभर दुधाने होतं, ते यामुळेच. दही लावताना काही साखर जंतू आधीच खाऊन टाकतात. मी स्वस्त पावडर घेतली होती. वर ती दुधातच घेतली. आणि नुसत्या दुधात नाही, तर केळं, ओट्स, शेंगदाण्याचं लोणी आणि मूठभर बदाम घालून. मिक्सरने ते पचवलं. त्याचं पोट माझ्यापेक्षा चांगलं आहे. वॉरंटीसुद्धा दोन वर्षांची.

"दुधात केळं?" आई ओरडली. "विरुद्ध आहार आहे तो!"

इथून घरात दोन शास्त्रांची लढाई सुरू झाली. आईचं शास्त्र चरकाचं. दुधाबरोबर मासे नको, आंबट फळं नको, मीठ नको, केळं तर नकोच. ट्रेनरचं शास्त्र मोबाइलवरच्या ॲपचं. त्यात प्रत्येक पदार्थ एक आकडा होता आणि आकड्यांचं एकमेकांशी वैर नसतं. दोघांना मान्य असा एकच पदार्थ निघाला, पाणी. त्यावरही मतभेद होतेच. ट्रेनर म्हणे दिवसाला चार लिटर. आई म्हणे जेवताना घोटसुद्धा नाही. मी दोघांचं ऐकायचं ठरवलं. जेवण सोडून उरलेल्या वेळात चार लिटर बसवता बसवता ऑफिसात साहेबांनी मला विचारलं, "तुमचं टेबल बाथरूमच्या बाजूला देऊ का?"

माझ्यापुरता निकाल असा, की दूध आणि केळं पोटात जाऊन भांडत नाहीत. तिथे आम्ल असतं, ग्रामपंचायत नसते. भांडण होतं ते मोजमापावरून. अर्धा लिटर दूध, मोठा चमचा पावडर, शेंगदाण्याच्या लोण्याचं तेल आणि वरून ओट्स, एवढं सगळं मी सहा मिनिटांत घशाखाली घालत होतो आणि सातव्या मिनिटाला पाय फाकवून स्क्वॉट मारत होतो. दोष केळ्याचा? केळ्याने काय करायचं होतं, पुढे जाऊन वाट मोकळी करायची होती?

एक प्रसंग राहिला. मे महिन्यात मी शेकरची बाटली स्कूटरच्या डिक्कीत विसरलो. दोन दिवस. बाहेर ४५ अंश. डिक्कीच्या आत किती, ते देव जाणे. तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये झाकण उघडलं. ते उघडलं नाही, उडालं. वॉचमन खुर्ची सोडून थेट फाटकाबाहेर गेला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, आतमधी काही मेलं काय?" त्या स्कूटरवर बायको अजून बसत नाही.

प्रोटीन बारही खाऊन झाले. त्यात साखर नव्हती, तिच्या जागी पचायला नाखूश असे गोड पदार्थ होते. दोन बार खाल्ल्यावर काय होतं याची सूचना आवरणावर अगदी बारीक अक्षरांत होती. मी ती वाचली, पण कुठे बसून वाचली ते विचारू नका.

चार महिन्यांत एक गोष्ट मात्र मी नेमाने करत होतो. रात्री ॲपमध्ये दिवसाचं प्रोटीन भरत होतो. १२८, १३५, १४१. हिरवी खूण यायची, फटाके उडायचे. ते फटाके पाहताना मला एकदाही वाटलं नाही की ॲपला फक्त तोंड माहीत आहे. पुढचा हिशेब घरातले लोक ठेवत होते.

आता तो रविवार. बायकोचा भाऊ आला होता आणि त्याने सावजी आणायचं ठरवलं. सावजी ही विणकरांची, हलबा कोष्टी समाजाची देणगी. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाला जेवणात जाग आणायची होती. त्यांनी ती अख्ख्या नागपूरला आणली. काळपट रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि पहिल्या घासाला कानाच्या मागे घाम. मी ट्रेनरला फोन केला.

"चिकन नं सर? चालते. प्रोटीनच आहे."

"सावजी आहे."

पलीकडे जरा शांतता. "उकडलेलं नाही मिळून राहिलं का?"

नागपुरात कोंबडी उकडून खाणं म्हणजे तिला दोनदा मारणं. मी दोन तुकडे खाल्ले आणि चार वाट्या रस्सा प्यायलो. तुकड्यात प्रोटीन आणि रश्शात तवंग. तवंगामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे सगळा ऐवज रात्रभर मुक्कामाला. त्यावर रात्री झोपताना पावडर, कारण ॲपचे २० ग्रॅम कमी पडत होते. पहाटे साडेपाचला कच्चे हरभरे, कारण सवय. आणि सव्वासहाला ६० किलो.

जड वजन उचलताना श्वास आत घेऊन रोखायचा आणि पोट कडक करायचं, हे शास्त्रशुद्ध आहे. त्याने कणा सांभाळला जातो. याला वाल्साल्वाची क्रिया म्हणतात. आंतोनियो वाल्साल्वा हा इटालियन वैद्य, त्याने १७०४ साली कानावरच्या ग्रंथात हा प्रकार लिहिला. त्या बिचाऱ्याला कानातला पू बाहेर काढायचा होता. तोंड आणि नाक बंद करून जोर लावायचा, म्हणजे दाब वाट शोधतो. शोधतो एवढं खरं आहे. कोणती, ते आदल्या रात्रीच्या जेवणावर आहे. कुकरमध्ये डाळ आहे, पाणी आहे, आच आहे, आणि वरून कोणीतरी ६० किलो वजन ठेवलंय. शिट्टी होणारच.

त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत मान खाली घालून बसलो होतो. इतक्यात एक बँकेतले साहेब शेजारी येऊन बसले. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "राजमा?"

"सावजी आणि हरभरा."

"अरे बाप." ते गप्प राहिले. "माझं मागल्या गुरुवारी झालं. लेगप्रेसवर. तुम्ही नव्हते."

मग दंड फुगवणारा पोरगा आला. त्याचं वसतिगृहात रोजचंच होतं. खोलीतल्या जोडीदाराने दुसरी खोली मागून घेतली होती. निवृत्त ज्येष्ठ आले, तेच अंडीवाले. ते म्हणाले, "मी म्हणून तर सकाळी सगळ्यांच्या आधी येतो." आठ मिनिटांत तिथे पाच जण जमले आणि प्रत्येकाच्या बॅगेतून एक एक पुडी निघाली. ओवा, काळं मीठ, बडीशेप, फसफसणारं चूर्ण, आणि बँकेच्या साहेबांची हिंगाची डबी, चांदीची. जिमच्या हजेरीपुस्तकात कोणाचं वजन किती, छाती किती, सगळं होतं. हे कुठे नव्हतं.

मन रमावं म्हणून घरी येऊन मी संकेत सरगरचा व्हिडिओ लावला. सांगलीचा मुलगा, वडिलांची पानाची टपरी. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात त्याने ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्य आणलं. सुवर्ण एका किलोने हुकलं. लोकांच्या डोळ्यांत तो व्हिडिओ पाहून पाणी येतं. मी त्याच्या पोटाकडे पाहत होतो. स्वतःच्या जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर, पाय थरथरताहेत, श्वास रोखलेला, सगळं जग बघतंय, आणि वाल्साल्वाने दगा दिलेला नाही. मुलाखतीत सगळे त्याला भावना विचारतात. आदल्या रात्री काय जेवला, हे विचारायचं कोणाला सुचत कसं नाही?

तसं पाहिलं तर आमच्या शेजारीच अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ साली त्यांची मंडळी ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन मल्लखांबासारखी देशी कसरत दाखवून आली. त्यांच्या डब्यावर मान नसलेल्या माणसाचं चित्र नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

सोमवारी संध्याकाळी आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भाषण केलं नाही. हरभरे रात्री भिजवले, सकाळी पाणी मोरीत ओतलं. माझा जीव तुटला. मग नव्या पाण्यात मऊ शिजवले, फोडणीला हिंग, वाटी निम्मी. सोयाचंक्स उकळून, दाबून, पुन्हा उकळून, आठवड्यातून एकदा. दूध बंद, ताक सुरू. पावडर तेवढी तिने ठेवली, पैसे गेले म्हणून. पण पाण्यात, आणि अर्धा चमचा. वरणभात पूर्वीसारखा.

"वरणभात म्हणजे प्रोटीन नाही सर," ट्रेनर म्हणाला होता. मी ॲपमध्ये शोधून काढलं, तर डाळीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते तांदळात असतं आणि तांदळात जे कमी पडतं ते डाळीत. दोघं मिळून संसार नीट करतात. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग वरून तूप काय उगाच घालतो का?" त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण मी मान डोलावली.

प्रोटीन ९५ वर आलं. ॲपने फटाके बंद केले. दांडा मात्र ७० किलोवर गेला, मेट्रोत बसायला जागा मिळाली तर मी बसू लागलो, आणि शिंप्याकडे उलटी फेरी झाली. रविवारी रस्सा अजून चार वाट्याच. पण सोमवार आता मी फक्त दंडांसाठी ठेवला आहे.

परवाची गोष्ट. जिममध्ये एक नवे गृहस्थ आलेत, वय पन्नाशीचं, घोगलीकडे राहतात. ट्रेनरने त्यांना ५० किलोवर उभं केलं होतं. दोन गाण्यांच्या मधे तीन सेकंदांची शांतता आली आणि त्यांनी दांडा गुडघ्यापर्यंत आणला.

सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"प्लेट घासली वाटते," ते म्हणाले.

मी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ गेलो. "साहेब, काल छोले?"

ते दचकले. "नाही. हरभरे. भिजवून."

"किती तास?"

"रात्रभर."

"आणि पाणी?"

त्यांनी ट्रेनरकडे बोट दाखवलं. "प्यायचं म्हणाले सर. त्यात प्रोटीन असते."

ट्रेनर अजून पंख्याकडेच बघत होता.